रस्त्यापलीकडचं फायबर

किर्तीचा फोनवरचा आवाज ऐकून ती आमच्या खरवई गावची आहे असं कुणी म्हटलं नसतं. आळीत ती आम्हा सगळ्यांसारखीच बोलायची, ‘मना’, ‘तुना’ करत, हातवारे करत. पण कानाला हेडफोन लावून ‘नमस्कार, मी किर्ती बोलतेय, आपल्याला काय मदत हवी आहे?’ म्हणाली की शेजारच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. रेडिओ लागल्यासारखं वाटायचं.

तिचे वडील कोंडाजी. गावाला लागूनच, रस्त्याच्या पलीकडे त्यांचं भाताचं शेत होतं. भावांनी विकायचं ठरवलं तेव्हा कोंडाजींनीही सही केली. एकट्याचा तुकडा मधोमध ठेवून करणार काय होते? शेताच्या बदल्यात जुन्या घरावर स्लॅब पडला, थोरल्या मुलाने, कैलासने, जेसीबी घेतला, आणि पलीकडे दोन विंगचा कॉम्प्लेक्स उभा राहिला. गेटवर केबिन, आत बाग, तळाला गाड्या. किर्तीची आई विठा त्याच गेटबाहेर सकाळी भाजीची पाटी घेऊन बसायची आणि दुपारी उरलेली भाजी बदलापूरच्या बाजारात न्यायची. आपल्याच शेताच्या तोंडाशी बसून ती दुसऱ्याच्या शेतातली मेथी विकते, असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “मंग काय करू? रडू?”

किर्ती अंबरनाथच्या कॉलेजात बी.कॉम. झाली आणि तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात फोन घ्यायला लागली. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला पुढे. तिशी गाठेपर्यंत दोनतीन स्थळं आली, त्यातलं एक ठरतही आलं होतं. त्याच पावसाळ्यात कोंडाजींची उजवी बाजू गेली. काठी आणि भिंत धरून ते चार पावलं टाकायचे, पण बरोबर कुणीतरी लागायचंच. विठा भाजीला, कैलास जेसीबीवर, त्याची बायको अंजना वरच्या मजल्यावर दोन लहान मुलांच्या मागे. किर्तीने कारखान्याची नोकरी सोडली. स्थळही मग आपोआप गळालं.

घरी बसून करता येईल असं काम ती शोधत होती. ते मिळालं एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबच्या हेल्पलाईनवर. लोक फोन करून रिपोर्ट कधी येणार, रक्त घ्यायला माणूस कधी येणार, उपाशी राहायचं का, असं विचारणार आणि हिने मराठीत, हिंदीत उत्तर द्यायचं. कंपनीने संगणक घरी पाठवला. अट एकच होती, पण कडक. घरचं इंटरनेट तुटता कामा नये. शक्यतो तारेचं हवं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी नेटची चाचणी, त्यात पास झालं तरच फोन सुरू. शिकाऊ आठवडे तिने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ढकलले. मग वरिष्ठांनी सांगितलं, आता फायबर घ्या, नाहीतर चाचणीत टिकेल असं दुसरं काहीतरी बघा.

फायबर दूर नव्हतंच. कॉम्प्लेक्समध्ये प्रत्येक घरात होतं. ती लाईन आली कुठून, तर आमच्या आळीच्या कडेने, कोंडाजींच्या अंगणाला लागून. चर खणायचं काम कैलासच्याच जेसीबीला मिळालं होतं. नारिंगी पाईप अंगणाशेजारून जमिनीखाली गेला, रस्ता ओलांडून पलीकडे निघाला, आणि कैलासनेच वर माती लोटली.

किर्ती बदलापूरला त्या कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या माणसाने संगणकावर नकाशा उघडला, बोटाने वरखाली केला.

“तुमचं घर गावठाणात दाखवतंय, मॅडम. गावठाणाला फायबर नाही.”

“अहो, रस्त्यापलीकडे आहे ना तुमचं?”

“तो कॉम्प्लेक्स.”

“कॉम्प्लेक्सला जाणारी वायर माझ्या दारातून गेलीय. माझ्या भावाने खणलंय तिथे.”

“वायर जाते, पण बॉक्स नाही ना तिथे. जाणारी वायर मध्येच कापून कनेक्शन देता येत नाही. बॉक्स बसवायचा तर वरून मंजुरी लागते, आणि तुमच्या भागातून आम्हाला मागणीच नाही.” तो वाईट माणूस नव्हता. किर्तीचा चेहरा बघून त्याने दुसरा कागद पुढे केला. “वायरलेस घ्या. गच्चीवर एक डबी बसवतो, ती टॉवरवरून नेट ओढते. स्पीड म्हणाल तर फायबरइतकाच.”

“मग फरक काय?”

“फरक असा काही नाही,” तो म्हणाला. “ते जमिनीतून येतं, हे हवेतून.”

डबी बसवायला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून सनी नावाचा मुलगा आला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा, कानात बाळी, कामात चपळ. गच्चीवर पाईप ठोकून त्याने डबीचं तोंड अंबरनाथच्या दिशेला फिरवलं. लांब टेकाडावर टॉवर दिसत होता.

“एकदम क्लिअर है दीदी. समोर मैदान आहे, मस्त चालेल. पण बघा, हे नजरेचं काम आहे. याला टॉवर दिसला पाहिजे. मध्ये काही आलं तर मग मी पण काही नाही करू शकत.”

“मध्ये काय येणार आहे?”

“मी आपलं सांगून ठेवलं,” सनी म्हणाला.

आणि ते चाललं. सकाळची चाचणी पहिल्या झटक्यात पास. किर्तीने पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. भिंतीला लागून कोंडाजींचा पलंग. ती फोन घ्यायची आणि ते ऐकायचे. आजाराने त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण ऐकायला काही झालं नव्हतं. सुरुवातीला त्यांना वाटायचं, पोरगी एकटीच बडबडतेय. मग हळूहळू ते पलीकडच्या माणसाचा अंदाज बांधायला लागले. फोन संपला की विचारायचे.

“कोन होती ती?”

“साताऱ्याची एक बाई. साखर तपासायची होती.”

“उपाशी ऱ्हवाला सांगलास ना तिना?”

“सांगितलं बाबा.”

“चहा पन नुको, सांग. बायका चहा पितान न मंग बोलतान, काय खाल्ला नाय.”

किर्तीला हसू आवरायचं नाही. पुढच्या बाईला ती खरंच सांगायची, ताई, चहासुद्धा नको हं. कोंडाजी मान डोलवायचे. शेत गेल्यापासून आणि अंग गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता दिवसभर महाराष्ट्रातली आजारी माणसं त्यांच्या खोलीतून जात होती आणि प्रत्येकाची त्यांना काळजी होती. आळीत कुणी भेटायला आलं की ते अभिमानाने सांगायचे, “आमची बाय नागपूरशी बोलते.” ते वर्ष त्या घराचं बरं गेलं. विठा भाजी विकून आली की तीही पायरीवर टेकायची, पदराने मान पुसत लेकीचं शुद्ध मराठी ऐकायची.

मग कॉम्प्लेक्सची तिसरी विंग सुरू झाली.

सनीने ज्याला मैदान म्हटलं होतं ती बिल्डरचीच राखून ठेवलेली जागा होती, कोंडाजींच्या शेताचा उरलेला तुकडा. पाया खणला, खांब वर आले. पहिले काही स्लॅब पडले तोपर्यंत काही जाणवलं नाही. पुढच्या स्लॅबनंतर सकाळची चाचणी एकदा नापास झाली. त्याच्या पुढच्यानंतर आवाज तुटायला लागला. ‘रिपोर्ट उद्या’ इतकंच पलीकडे जायचं आणि ‘संध्याकाळपर्यंत’ हवेत राहायचं. माणसं चिडायची, फोन आपटायची, आणि प्रत्येक आपटलेला फोन किर्तीच्या नावावर चढायचा. स्लॅबच्या दिवशी मजूर वर ओरडत काँक्रीट ओतायचे आणि खाली किर्ती संगणकावरच्या सिग्नलच्या रेघा बघत बसायची.

तिने सनीला बोलावलं. त्याने पाईप उंच केला, डबी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, शेजारच्या घराच्या पत्र्यावर नेऊन पाहिली. शेवटी पाना पिशवीत टाकून खाली उतरला.

“दीदी, डबी बरोबर आहे. टॉवर पण बरोबर आहे. बीच में बिल्डिंग आली. आता फायबरच घ्या.”

“फायबर देत नाहीत रे मला.”

“ते तर समोर आहे!” सनीने हात केला.

पलंगावरून कोंडाजी सगळं ऐकत होते. सनी निघून गेला. मग ते म्हणाले, “मीच सही केली.” किर्तीने न ऐकल्यासारखं केलं.

बदलापूरच्या त्या ऑफिसात ती पुन्हा गेली. या वेळी त्या माणसाने एक वाट दाखवली. बी विंगच्या पार्किंगमध्ये बॉक्स होता, त्यात जागाही शिल्लक होती. तिथून खांबावरून वायर ओढून रस्त्यापलीकडे एक कनेक्शन देता आलं असतं. फक्त सोसायटीचं ना हरकत पत्र हवं.

सोसायटीचे सेक्रेटरी होते श्रीपाद. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झालेले. शांत, व्यवस्थित माणूस. त्यांची बायको उमा रोज विठाकडून भाजी घ्यायची, किर्तीला नावाने ओळखायची. त्यामुळे किर्तीला वाटलं, एक सही तर आहे. श्रीपादांनी तिला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं.

“मागणी रास्त आहे तुझी,” ते म्हणाले. “पण मी एकटा नाही देऊ शकत. रविवारी मीटिंग आहे, तिथे ठेवतो.”

मीटिंगला किर्तीला आत बसू दिलं नाही, ती सभासद नव्हती. क्लब हाऊसच्या बाहेर झोपाळ्याजवळ ती उभी होती, काच सरकवलेली होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीचे पाण्याचे टँकर आमच्या आळीतून जायचे, चिखल करायचे, म्हणून गावातल्या पोरांनी रस्ता अडवला होता. त्यात कैलास पुढे होता. ते आता निघालं. एकजण म्हणाला, टँकर अडवताना शेजारधर्म आठवला नाही का? दुसरा म्हणाला, एकाला वायर दिली की उद्या अख्खं गाव बॉक्सशी येऊन उभं राहील. एका बाईंनी हळूच विचारलं, पण आपलं जातंय काय त्यात? त्यावर कुणी म्हणालं, सवालच तो नाही, प्रिन्सिपल आहे. श्रीपाद टेबलामागे बसून होते. त्यांनी विषय मांडला, मतं घेतली, निर्णय लिहून घेतला. स्वतः एक अक्षर बोलले नाहीत.

बाहेर आल्यावर किर्ती समोरच दिसली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बघितलंस ना. लोकांचं असं आहे.”

“तुमचं काय आहे, काका?” किर्तीने विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते आपल्या विंगकडे वळले. पण घरी जाऊन उमाला सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी भाजी घेताना उमा विठाला म्हणाली, “किर्तीला म्हणावं, आमच्याकडे येऊन बस ना. बाल्कनीत टेबल आहे, नेट आहे. आम्ही दोघं आणि आमचे सासरे, एवढी माणसं. सासरे झोपूनच असतात. दिवसभर बस, काम कर. त्यात काय?”

विठाला ते मोठंच वाटलं. किर्तीला वाटलं नाही, पण चाचणी सलग नापास होत होती आणि कंपनीने शेवटची ताकीद दिली होती. तिने कोंडाजींना समजावलं. “समोरच आहे बाबा. हाक मारलीत तर ऐकू येईल. अंजना वहिनी वर आहे, ती येत जाईल मध्ये मध्ये.”

“जा,” कोंडाजी म्हणाले. “काम सोरू नुको.”

बी विंगचा चौथा मजला. बाल्कनीला काचा लावलेल्या, आत छोटं टेबल, वर एक पांढरा राउटर. पहिल्या दिवशीची चाचणी तिला नंतरही आठवायची. आकडा इतका वर गेला की ती बघतच राहिली. एक फोन तुटला नाही. महिनाभरात तिचे कामाचे गुण पुन्हा वर आले. बाल्कनीतून खाली तिचं घर दिसायचं, गच्चीवरची निरुपयोगी डबी दिसायची, आणि ऊन उतरलं की ओट्यावर अंजनाने आणून बसवलेले कोंडाजी दिसायचे, तोंड वर करून बसलेले.

त्यांना ती खोली आता खायला उठायची. एक दिवस त्यांनी विठाचा मोबाईल घेतला आणि डाव्या हाताने हेल्पलाईनचा नंबर लावला. दिवसातून शंभरदा तो नंबर त्यांनी किर्तीच्या तोंडून ऐकला होता. फोन लागला, कुठल्यातरी दुसऱ्याच गावातल्या मुलीने उचलला.

“किर्तीला दे,” कोंडाजी म्हणाले.

मुलीला जड बोलणं कळेना. तिने पेशंटचं नाव विचारलं. कोंडाजींनी स्वतःचं सांगितलं. कसली तपासणी, तिने विचारलं. “तपासनी नाय. ती काय बोलते ता आयकाचा हाय,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. कंपनीच्या लक्षात आलं की कुणीतरी एक माणूस एकाच मुलीला मागतोय. कुणी त्रास देणारा असावा म्हणून त्यांनी नंबर तपासला, आणि तो किर्तीच्या घरचा निघाला. वरिष्ठ बाईंनी किर्तीला झापलं. घरच्यांना हेल्पलाईन म्हणजे खेळ वाटतो का?

संध्याकाळी ती कोंडाजींवर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. ते खाली बघत बसले. त्यानंतर त्यांनी फोन हातात घेतला नाही.

इकडे चौथ्या मजल्यावर कामं वाढत होती. उमाने कधी हुकूम केला नाही. ती मागायची ते सगळं साधंच असायचं. “किर्ती, बेल वाजली तर बघशील ग? मी अंघोळीला जातेय.” “किर्ती, दूध ठेवलंय, वर आलं की बंद कर.” “किर्ती, बाबांची गोळी एक वाजता, आठवणीने.” दोन फोनच्या मधल्या वेळात किर्ती उठायची, करायची, पळत येऊन हेडफोन लावायची. आपण फुकटात बसतो, त्याचं ओझं कुठे ठेवायचं, हे तिला कळत नव्हतं. पुढे पुढे तर उमा दुपारी निर्धास्त झोपायला लागली, कधी श्रीपादांबरोबर बाहेरही जायला लागली. रस्त्याच्या एका बाजूला किर्तीचा बाप एकटा आणि दुसऱ्या बाजूला ती दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला पाणी पाजतेय. ही गोष्ट तिच्या लक्षात आली नाही असं नाही. ती कुणाला सांगायची?

त्या दिवशी श्रीपाद आणि उमा कल्याणला लग्नाला गेले होते. सासरे आत झोपलेले. विठा बाजारात. अंजना मुलांना शाळेतून आणायला निघाली तेव्हा कोंडाजी पलंगावर होते. ती परत आली तेव्हा ते ओट्याच्या पायरीखाली पडले होते, काठी लांब, एक पाय भलतीकडे वळलेला. आपलं आपण बाहेर येऊन बसायला निघाले होते. किती वेळ पडले होते ते कुणालाच माहीत नाही. आळीतली आम्ही माणसं दुपारची आपापल्या घरात. त्यांचं बोलणं असं की ओरडले असते तरी ते ओरडणं वाटलं नसतं.

अंजनाने कैलासला फोन केला, तो वांगणीकडे होता. किर्तीला केला. किर्तीचा मोबाईल कामाच्या वेळी बंद ठेवायचा नियम, तो पर्समध्ये होता. अंजना तशीच रस्ता ओलांडून कॉम्प्लेक्सच्या गेटवर धावली. वॉचमनने अडवलं.

“बी विंग, चौथा मजला. माझी नणंद हाय तिथे.”

“कुणाकडे? नाव सांगा. घरातून परवानगी आली की सोडतो.”

“अरे माणूस पडलाय तिकडे!”

“ताई, मला नोकरी करायचीय. इंटरकॉम लावतो ना.”

त्याने लावला. वर इंटरकॉम वाजला. किर्ती फोनवर होती. पलीकडे एक घाबरलेली बाई विचारत होती, तिच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये जो आकडा लाल आलाय तो किती वाईट असतो. मागे आवाज येऊ नये म्हणून किर्तीने बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं. इंटरकॉम तिला ऐकू आला, बारीक. तिला वाटलं कुरिअर असेल. बाईला तिने शांतपणे सांगितलं, ताई, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घाबरू नका. तो फोन संपला, लगेच पुढचा जोडला गेला. इंटरकॉम वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. आतून सासरे खोकले. तेवढ्यात काचेपलीकडून खाली काहीतरी हललेलं तिने पाहिलं. गेटच्या बाहेर अंजना दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि त्यांच्या घराच्या ओट्यापाशी माणसं जमली होती.

किर्तीने हेडफोन काढून टेबलावर टाकला. त्यातून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होतं. ती तशीच जिन्याने धावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. उल्हासनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते नीटही झालं म्हणाले, पण कोंडाजी त्यानंतर पलंगावरून उठले नाहीत. कंपनीचा मेल दवाखान्यातच आला. ग्राहक लाईनवर असताना जागा सोडली, त्याआधी घरच्यांच्या नावाने तक्रार, त्याआधी नेटच्या तक्रारी. काम थांबवण्यात येत आहे. संगणक परत पाठवावा. तिने फोन करून सांगायचा प्रयत्न केला. तिला एक क्रमांक दाबायला सांगितला, मग दुसरा, मग फोन कट झाला.

उमा भेटायला आली. मोसंबी घेऊन. “अगं, तू आम्हाला सांगायचंस ना, बाबांना एकटं ठेवून येतेस म्हणून,” ती म्हणाली. “आम्ही काय बळजबरी केली होती?” किर्ती मोसंबी बघत राहिली.

आता ती दिवसभर घरीच होती. नेटची गरज उरली नव्हती. कोंडाजींचं सगळं तीच करायची, पाठ पुसणं, पावडर लावणं, कूस बदलणं. एका दुपारी ते डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणाले, “बाय, तो बोल ना.”

“काय बोलू?”

“तुझा. कामाचा.”

तिला कळायला वेळ लागला. मग ती पलंगाच्या कडेला बसली, घसा साफ केला. “नमस्कार, मी किर्ती बोलतेय. आपल्याला काय मदत हवी आहे?”

कोंडाजींच्या तोंडाची एक बाजू हलली. “मना रिपोट पायजे.”

“आपलं नाव सांगाल का?”

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, गाव. तिने विचारलं, काही खाल्लं होतं का? ते म्हणाले, चहा पन नाय. तिने सांगितलं, काका, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल, काळजी करू नका. ते बरं म्हणाले. विठा दारात भाजीची पाटी घेऊन उभी होती, ती आत आली नाही.

दिवाळीच्या आधी कोंडाजी गेले.

फायबर आलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तिसऱ्या विंगच्या मागे आणखी एक प्रकल्प निघाला, त्यासाठी कंपनीने नवी लाईन टाकली आणि वाटेत आमच्या आळीच्या तोंडाशी बॉक्स बसवला. गावठाण नकाशावर एकदाचं हिरवं झालं. एक पोरगा दारोदार पत्रकं वाटत फिरला. कोंडाजींच्या घरी वर कैलासने कनेक्शन घेतलं, मुलांना टीव्ही बघायचा होता. खाली पुढच्या खोलीतही ते छान पकडतं. विठा त्यावर नातवंडांबरोबर हसवणारे व्हिडिओ बघते. गच्चीवरची डबी कुणी काढलेली नाही. कंपनीचं कुणी ती न्यायला आलं नाही.

किर्ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या घाऊक दुकानात लागली. अंबरनाथपर्यंत बसने, पुढे शेअर रिक्षाने. तिथेही फोन घ्यायचंच काम, पण ते हिंदीत आणि मोठ्याने, मागे शिलाई मशिनांचा आवाज. शेठ चांगला आहे म्हणते. माल कुठे अडकला, रंग कुठला कमी आला, हे सांगताना तिचा घसा दुखून येतो.

मध्यंतरी उमाने तिला रस्त्यात गाठलं. सासऱ्यांचं आता सगळं पलंगावर करावं लागतं, विश्वासाची बाई मिळत नाही. “तुला सवय आहे ग त्याची. घरापासून जवळ. आणि आपल्या घरातल्यासारखीच होतीस की तू.” किर्ती नको म्हणाली. एवढंच म्हणाली. उमाला लागलं ते. तिने गेटवर भाजी घेताना विठाला ऐकवलं, की आम्ही केलं ते लोक लवकर विसरतात. विठाने कोथिंबिरीची जुडी तिच्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी एकदा किर्तीला विचारलं, राग कुणाचा येतो तुला? कंपनीचा? सोसायटीचा? ती बसची वाट बघत आळीच्या तोंडाशी उभी होती, त्या नव्या बॉक्सला टेकून.

“इंटरकॉम वाजत होता तेव्हा मला ऐकू येत होता,” ती म्हणाली. “दोनदा वाजला. मी त्या बाईला सांगत बसले, घाबरू नका.”

“तुला काय माहीत होतं, पोरी?”

तिने मान हलवली, बस दिसली तशी पर्स खांद्यावर घेतली आणि पुढे झाली.